त्विलरी बांधू नका, पण कारण नीट सांगा

पॅरिसमधल्या लूव्र या जुन्या राजवाड्याच्या, म्हणजे आजच्या संग्रहालयाच्या, उत्तर आणि दक्षिण अशा दोन लांब रांगा पश्चिमेकडे जातात आणि बागेच्या तोंडाशी एकाएकी थांबतात. त्यांना आडवा जोडणारा त्विलरी राजवाडा १८७१ पर्यंत तिथं उभा होता. पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे शहराचा ताबा घेतलेल्या बंडखोर सरकारच्या, अखेरच्या आठवड्यात, २३ मेच्या रात्री, तो पेटवून देण्यात आला. जळक्या भिंती बारा वर्षं तशाच होत्या. १८८३ मध्ये त्या पाडल्या. हा राजवाडा पुन्हा बांधावा अशी मागणी अधूनमधून होत आली आहे. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर त्यासाठी एक राष्ट्रीय समितीच स्थापन झाली. २०१९ च्या आगीनंतर साडेपाच वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये पॅरिसचं नोत्र-दाम कॅथेड्रल पुन्हा खुलं झालं आणि ‘मग त्विलरी का नाही?’ असं विचारणाऱ्यांना एक ताजं उदाहरण मिळालं.

हा वाद दोन्ही बाजूंनी चुकीच्या मुद्द्यावर लढला जातो आहे. समर्थक म्हणतात, लूव्र अपुरं राहिलं आहे, ते पूर्ण करा. विरोधक म्हणतात, आज बांधलेला जुना राजवाडा म्हणजे नक्कल, इतिहासाची फसवणूक. माझं मत विरोधकांच्या बाजूचं आहे: त्विलरी पुन्हा बांधू नये. पण ‘नक्कल’ हे कारण मला अजिबात मान्य नाही. ते कारण का टिकत नाही, याचा पुरावा त्याच जागेच्या दक्षिण टोकाला, सीन नदीच्या काठावर उभा आहे. तो म्हणजे फ्लोर पॅव्हिलियन. या एका वास्तूचा इतिहास नीट वाचला तर दोन्ही बाजूंचे लाडके युक्तिवाद ढासळतात.

फ्रेंच राजवाड्यांत पॅव्हिलियन म्हणजे लांब रांगेच्या टोकाशी, कोपऱ्यावर किंवा मध्यावर येणारा, बाजूच्या इमारतीहून उंच आणि स्वतंत्र छपराचा खंड. फ्लोर हा कोपऱ्यावरचा. कॅथरीन द मेदिचीनं १५६४ मध्ये फिलिबेर द लोर्म या वास्तुकाराकडून त्विलरी बांधायला घेतली तेव्हा ती जागा शहराच्या तटाबाहेर होती. लूव्र तटाच्या आत, त्विलरी बाहेर. चौथा हेन्री १५९४ मध्ये पॅरिसमध्ये आला आणि त्यानं हे दोन राजवाडे जोडायचं ठरवलं. नदीच्या काठानं जवळजवळ साडेचारशे मीटर लांबीची ‘ग्रांद गॅलरी’ उभी राहिली. ती जिथं त्विलरीच्या रांगेला काटकोनात भेटत होती, त्या कोपऱ्यावर १६०७ ते १६१० या काळात हा पॅव्हिलियन बांधला गेला. त्याचं श्रेय धाकट्या झाक आंद्रुए द्यु सेर्सोला दिलं जातं. फ्लोर हे नाव पुढचं, चौदाव्या लुईच्या दरबारातल्या एका बॅलेवरून आलेलं. क्रांतीच्या काळात ते नाव पुसून त्याला समतेचं नाव दिलं गेलं आणि १७९३-९४ च्या दहशतीच्या काळात सार्वजनिक सुरक्षा समिती, म्हणजे रोबेस्पिएर आणि त्याचे सहकारी, इथंच बसून फ्रान्सचा कारभार हाकत होते. दहा वर्षांनी, १८०४ मध्ये, नेपोलियनच्या राज्याभिषेकासाठी आलेले पोप सातवे पायस याच पॅव्हिलियनमध्ये उतरले. ज्या भिंतींच्या आत चर्चची सत्ता मोडून काढणाऱ्यांची बैठक भरत होती, तिथंच पोपची सोय व्हावी, इतकी उलथापालथ फार थोड्या वास्तूंनी पाहिली असेल.

आणि त्या भिंती आज नाहीत. कम्यूननं त्या जाळल्या नाहीत. आगीतून फ्लोर बचावला. भिंती त्याआधीच, सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या हुकमानं पाडल्या गेल्या होत्या. इमारत जीर्ण झाली होती. १८६१ पासून वास्तुकार एक्तोर लफ्युएलनं ती उतरवली आणि त्याच जागी नवी बांधली. एवढ्यावर तो थांबला नाही. ग्रांद गॅलरीचा पश्चिमेकडचा अर्धा भागही त्यानं काढून टाकला. हा भाग द्यु सेर्सोच्या शैलीचा होता, दोन मजल्यांना कवेत घेणाऱ्या भव्य अर्धस्तंभांचा. त्याच्या जागी लफ्युएलनं गॅलरीच्या पूर्वेकडच्या भागाला, म्हणजे लुई मेतझोच्या कामाला, जुळणारी रचना केली. फ्लोरच्या नदीकडच्या दर्शनी भागावर झां-बाप्तिस्त कारपोचं शिल्प आलं: गुडघ्यावर बसलेली, हसरी, मांसल फुलदेवता आणि भोवती नाचणारी बालकं. हे शिल्प भिंतीच्या रेषेतून इतकं पुढे आलं की लफ्युएलला ते खटकलं. वास्तुकाराला सपाट, आज्ञाधारक सजावट हवी होती; शिल्पकारानं दगडात जीव ओतला. १८६६ चं हे शिल्प आज फ्लोरची ओळख आहे.

म्हणजे सीनच्या पुलावरून जो ‘राजेशाही’ पॅव्हिलियन दिसतो, तो चौथ्या हेन्रीचा नाही. ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, लोहमार्ग आणि गॅसदिव्यांच्या युगातली इमारत आहे. उत्तर टोकाचा मार्सान पॅव्हिलियन तर त्याहून बोलका आहे. चौदाव्या लुईच्या काळात, १६६० च्या दशकात, फ्लोरला तोल द्यावा म्हणून तो बांधला गेला. १८७१ मध्ये तो जळला. लफ्युएलनंच तो पुन्हा उभा केला, पण जळण्यापूर्वी होता तसा नव्हे. त्यानं तो स्वतःच नुकत्याच बांधलेल्या नव्या फ्लोरसारखा केला. आज तिथं सजावटी कलांचं संग्रहालय आहे.

आता ‘नक्कल’ म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं: लूव्रमध्ये नक्कल कुठं नाही? सोळाव्या शतकात प्येर लेस्कोनं चौकाची जी देखणी बाजू बांधली, ती सतराव्या शतकात झाक लमर्सिएनं घड्याळाच्या पॅव्हिलियनपलीकडे जवळजवळ जशीच्या तशी पुढे नेली. आज दोन्ही बाजू पाहणाऱ्याला पहिली कोणती आणि दुसरी कोणती हे सांगता येत नाही, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नाही. जुन्याला जुळवून घेत नवं बांधणं हीच लूव्रची चारशे वर्षांची रीत आहे. ही फसवणूक असेल तर निम्मं लूव्र फसवणूक ठरेल. विरोधक वास्तूंच्या जतनाबद्दलच्या व्हेनिसच्या १९६४ च्या सनदेचा आधार घेतात. अंदाज सुरू होतो तिथं जीर्णोद्धार थांबला पाहिजे, हे तिचं तत्त्व मोलाचं आहे आणि ते मी मानतो. पण त्विलरीच्या बाहेरच्या रूपाबाबत अंदाज फारसा करावाच लागणार नाही. आराखडे आहेत, जळण्याआधीची आणि जळल्यानंतरची छायाचित्रं आहेत, दगडही आहेत. पाडकामाचा मलबा ३३,३०० फ्रँकना विकला गेला आणि त्यातल्या घडीव दगडांतून कॉर्सिकात अजाक्सिओजवळ एक आख्खी हवेली उभी राहिली. पुरावा अपुरा आहे, असं म्हणून या प्रश्नातून सुटका नाही.

समर्थकांचे आणखी तीन मुद्दे मला खरोखर वजनदार वाटतात. पहिला दृश्याचा. फ्लोर आणि मार्सान ही दोन टोकं आहेत, मधल्या सुमारे २६६ मीटरच्या दर्शनी रांगेची. रांग गेली, टोकं राहिली. कारुझेलची छोटी कमान, १८०६ ते १८०८ मध्ये पेर्सिए आणि फोंतेन यांनी बांधलेली, त्विलरीच्या अंगणाचं प्रवेशद्वार होती. आज ती कुठल्याच अंगणात नेत नाही. दुसरा मुद्दा अधिक सूक्ष्म. लूव्रचा अक्ष आणि शांझ-एलिझेचा अक्ष एका रेषेत नाहीत, त्यांच्यात काही अंशांचा कोन आहे. त्विलरी आडवी उभी होती तोवर तो लपला होता. ती गेली आणि लूव्र तिरकं दिसू लागलं. लूव्रच्या अंगणात काचेचा पिरॅमिड उभारताना वास्तुकार पेईला चौदाव्या लुईच्या अश्वारूढ पुतळ्याची शिशाची प्रतिकृती मुद्दाम शांझ-एलिझेच्या अक्षावर आणून ठेवावी लागली. तिसरा मुद्दा पाडकामाचा. भिंती कोसळायला आल्या म्हणून पाडल्या, असं झालं नाही. त्या दुरुस्त होण्यासारख्या होत्या आणि पॅरिसची पुनर्रचना करणाऱ्या ओसमानसारख्या माणसानं तसा आग्रहही धरला होता. पाडकाम हा राजकीय निर्णय होता.

हे सगळं मान्य करूनही मी ‘नको’ म्हणतो. का, ते समजण्यासाठी त्याच १८७१ च्या मे महिन्यात पडलेल्या किंवा जळलेल्या दुसऱ्या वास्तूंचं काय झालं ते पाहावं लागेल. या वादात हे उदाहरण इतकं कमी का येतं, याचं मला आश्चर्य वाटतं. एकाच शहरात, एकाच महिन्यात, एकाच संघर्षात नष्ट झालेल्या वास्तू. आणि त्यांचं नशीब पूर्णपणे वेगळं.

ओतेल द व्हिल, म्हणजे पॅरिसचं नगरभवन, २४ मे रोजी जळलं. १८७४ ते १८८२ मध्ये बालू आणि देपेर्त या वास्तुकारांनी ते बांधलं. मधला दर्शनी भाग सोळाव्या शतकातल्या मूळ इमारतीसारखा, आतला भाग संपूर्ण नवा. आज त्याला कुणी नकली म्हणत नाही. का? कारण नगरपालिका जळाली नव्हती, फक्त तिचं घर जळालं होतं. सभा भरवायच्या होत्या, कागद ठेवायचे होते, शहर चालवायचं होतं. लिजन ऑफ ऑनरचा प्रासाद जळला. त्या सन्मानाचे मानकरी जिवंत होते, त्यांनी वर्गणी काढून तो पुन्हा उभा केला. व्हाँदोम चौकातला नेपोलियनचा स्तंभ कम्यूननं १६ मे रोजी पाडला. नव्या सरकारनं दोन-तीन वर्षांतच तो परत उभारला आणि खर्च कम्यूनमध्ये सामील असलेल्या चित्रकार कुर्बेकडून वसूल करायचं ठरवलं. तो निर्णय सूडाचा होता, पण त्यामागेही एक जिवंत राजकीय इच्छा होती. चौथी वास्तू ओर्से राजवाडा. लेखापरीक्षण न्यायालयाचं हे घर जळलं आणि जवळजवळ तीन दशकं अवशेष तसेच राहिले, भिंतींतून झाडं उगवली. न्यायालयाची सोय दुसरीकडे झाली होती. त्या जागेवर १९०० मध्ये रेल्वे स्थानक आलं आणि १९८६ मध्ये त्या स्थानकाचं संग्रहालय झालं. जुना राजवाडा परत बांधायचा हट्ट धरला असता, तर आज ओर्से संग्रहालय नसतं.

या चार वास्तूंतून जो निकष निघतो तो ‘जुनं की नवं’ असा नाही. आत कोण राहणार आहे, आणि ते राहणं इमारतीशिवाय अडतं आहे का, असा तो निकष आहे. १८६१ मध्ये फ्लोर पाडून बांधताना हे उत्तर स्पष्ट होतं. सम्राट शेजारच्या त्विलरीत राहत होता, दरबाराला दालनं हवी होती. साम्राज्य गेलं तरी इमारत रिकामी राहिली नाही: वसाहतींचं मंत्रालय, मग अर्थखात्याची कार्यालयं, आणि १९६० च्या दशकापासून लूव्र. आज त्या भागात कलाकृतींची वैज्ञानिक तपासणी करणारी प्रयोगशाळा आहे. त्विलरीचं काय? १८७१ मध्ये जळण्याच्या आठ-नऊ महिने आधीच तिचा रहिवासी गेला होता. सेदानच्या लढाईत प्रशियाकडून झालेल्या पराभवानंतर, ४ सप्टेंबर १८७० ला साम्राज्य कोसळलं, सम्राज्ञी युजेनी लूव्रमधून निसटली, आणि राजवाड्याचं काम संपलं. आग त्यानंतर लागली. नोत्र-दामशी तुलना इथंच कोलमडते. १५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी जळलं ते उपासना चालू असलेलं प्रार्थनामंदिर होतं. त्याच्या भिंती, कमानी बहुतांशी शाबूत होत्या. ते कुणाचं आणि कशासाठी, हे कुणाला विचारावं लागलं नाही. तिथं खंड पडला होता. त्विलरीत शेवट झाला होता.

जागेचा उपयोग शोधून काढता येईल, असं समर्थक म्हणतात: प्रदर्शनाची दालनं, ऐतिहासिक फर्निचर, समारंभाची सभागृहं. खर्च देणग्यांतून भागेल, सरकारला भार नाही. मला यात उलटा क्रम दिसतो, आणि तो क्रम कुठं नेतो हे बर्लिननं दाखवलं आहे. तिथला राजवाडा पूर्व जर्मनीच्या सरकारनं १९५० मध्ये सुरुंग लावून पाडला. १९९३ मध्ये समर्थकांनी परांच्या उभारून त्यांवर राजवाड्याचा दर्शनी भाग रंगवलेलं कापड ताणलं आणि लोकांचं मन जिंकलं. २००२ मध्ये संसदेनं कौल दिला. तीन बाजूंना बरोक भिंती, चौथी आधुनिक, अशी ती इमारत उभी राहिली. दर्शनी भाग सगळ्यांना आधीपासून ठाऊक होता. आत नेमकं काय असावं यावरचा वाद मात्र उद्घाटनापर्यंत आणि नंतरही चालू राहिला, कारण आत आल्या त्या जगभरातून गोळा केलेल्या वस्तू, ज्यांच्या मालकीवरच प्रश्न होते. वसाहतवादी लुटीच्या आरोपांखाली असलेला संग्रह प्रशियाच्या राजांच्या भिंतींमागे मांडणं हा योगायोग कुणाच्याच पथ्यावर पडला नाही.

मग वॉर्सा? वॉर्सा मात्र मला पूर्णपणे पटतं. जर्मन सैन्यानं ते शहर ठरवून जमीनदोस्त केलं होतं, पोलिश लोकांची ओळखच पुसायची म्हणून. पोलंडनं जुनं शहर दगडावर दगड रचून उभं केलं, १९७१ पासून राजवाडाही बांधला, आणि १९८० मध्ये युनेस्कोनं त्या पुनर्बांधणीलाच जागतिक वारशाचा मान दिला. तिथं बांधणं म्हणजे मारेकऱ्याला दिलेलं उत्तर होतं. त्विलरी बांधून फ्रान्स कुणाला उत्तर देणार? स्वतःच्याच नागरिकांना?

हा प्रश्न टाळता येत नाही. पाडकाम राजकीय होतं, हा समर्थकांचा मुद्दा मी वर मान्य केला. पण त्यावरून ते चूक ठरत नाही. १८७३ मध्ये फ्रान्समध्ये राजेशाही परत येता येता राहिली. गादीचा दावेदार, शांबोरचा सरदार, तिरंग्याऐवजी राजघराण्याच्या पांढऱ्या झेंड्याचा हट्ट सोडायला तयार नव्हता म्हणून. त्या वर्षांत त्विलरीच्या भिंती म्हणजे एका रिकाम्या सिंहासनाची जागा होती. १८७९ मध्ये दोन्ही सभागृहांत प्रजासत्ताकवाद्यांचं बहुमत झालं आणि १८८२ मध्ये पाडण्यावर शिक्कामोर्तब झालं. निवडून आलेल्या प्रतिनिधींनी, उघड चर्चेनंतर, राजांचं घर परत बांधायचं नाही असं ठरवलं. मला जळक्या भिंती गेल्याचं दुःख आहे. द लोर्मच्या हातचं काम होतं त्यात. पण लोर्मच्या हातचं काम हवं असेल तर कोणती त्विलरी बांधणार? त्याचा मधला खंड १६६० च्या दशकात वास्तुकार ल व्होनं बदलला. पुढे नेपोलियनसाठी पेर्सिए आणि फोंतेन यांनी आतलं रूप पालटलं, लुई-फिलिपच्या काळात पुन्हा फेरफार झाले. जे जळलं ते तीनशे वर्षांत साचत आलेलं होतं, प्रत्येक थर त्या त्या वेळच्या रहिवाशाच्या गरजेतून आलेला. ते सगळे थर आज एका ठेक्यात, एकाच वेळी, एकाच रंगाच्या नव्या दगडात बांधले तर त्यात कुठल्याही शतकाचा माणूस नसेल. फ्लोर नवा बांधला तेव्हा त्यात लफ्युएल होता, त्याच्याशी भांडणारा कारपो होता. नव्या त्विलरीत कुठल्या कारपोला भांडायची मुभा असेल? छायाचित्राबरहुकूम काम करायचं ठरलं की शिल्पकाराच्या हाताला स्वतःचं काही म्हणायला जागाच उरत नाही. माझा खरा आक्षेप हा आहे. जुन्याची प्रत काढण्यात मला पाप दिसत नाही. लूव्रमध्ये ज्यांनी प्रत काढली, त्यांनी ती आपल्या काळाच्या कामासाठी काढली आणि तिच्यात आपलं काही घातलं. इथं दोन्ही नाही.

उरतो तो दृश्याचा मुद्दा, तिरक्या अक्षाचा आणि एकट्या पडलेल्या टोकांचा. तो अक्ष मुळात त्विलरीनंच जन्माला घातला, उद्यानरचनाकार ल नोत्रनं बागेचा मधला रस्ता राजवाड्याच्या मध्यापासून आखला, हे खरं. पण राजवाडा असताना ती रेषा राजाच्या खिडकीतून दिसण्यासाठी होती. आज लूव्रच्या अंगणात उभा असलेला कुणीही माणूस कारुझेलच्या कमानीतून ओबेलिस्क आणि त्यापलीकडे विजयकमान पाहू शकतो. मधे २६६ मीटर लांबीची भिंत आणून ती नजर पुन्हा अडवायची, लूव्रचं तिरकेपण लपावं म्हणून? दोन राजवाडे दोन वेगळ्या शतकांत, तटाच्या दोन बाजूंना सुरू झाले, म्हणून ते तिरके आहेत. ते लपवण्यापेक्षा दिसू देण्यात मला जास्त सचोटी वाटते.

लूव्रची आजची अडचण तर वेगळ्याच टोकाला आहे. वर्षाला ऐंशी लाखांहून अधिक लोक तिथं येतात आणि पिरॅमिडखालची जागा त्यांना पुरत नाही. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी जाहीर केलेल्या योजनेत नवं प्रवेशद्वार पूर्वेला, चौदाव्या लुईच्या काळातल्या स्तंभावलीच्या बाजूला आहे, आणि मोनालिसासाठी वेगळं दालन आहे. या योजनेवरही घ्यायचे ते आक्षेप जरूर घ्यावेत. पण ती निदान गर्दीच्या खऱ्या प्रश्नापासून सुरू होते. त्विलरीच्या समर्थकांनी देणगीदार शोधण्याआधी लूव्रच्या कर्मचाऱ्यांना विचारावं, की पश्चिमेच्या टोकाला तुम्हाला इमारत हवी आहे का, आणि हवी असेल तर कोणत्या कामासाठी. ‘हो’ असं उत्तर आलं तर तिथं नक्की बांधावं, त्या कामासाठी आणि आजच्या वास्तुकाराकडून. त्यानं फ्लोर आणि मार्सानच्या उंचीशी, छपराच्या रेषेशी जुळवून घ्यावं. लमर्सिए आणि लफ्युएल यांनी तेच केलं होतं.